चिंचेनं घासलेल्या सुऱ्या

सत्त्याण्णव सालच्या नवरात्रात रघुनंदनराव मोहित्यांच्या पायाला भिंगरी लागली होती. घरामागच्या शेडमध्ये जायचे, दोन मिनिटांत परत यायचे, आलो कशाला ते आठवेना म्हणून पुन्हा जायचे. जेवताना मध्येच उठून हात पुसत मागे पळायचे. त्यांची बायको वसुमती ताटावर झाकण ठेवायची आणि म्हणायची, "अहो, सुऱ्या काही पळून जात नाहीत. पाय तुम्हाला फुटलेत, त्यांना नाही."

झालं होतं असं. रविवारी, म्हणजे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, जयनगरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये हौशी कारागिरांचं प्रदर्शन होतं. कुणी लाकडी खेळणी मांडणार होतं, कुणी आगगाड्यांची मॉडेलं, आणि एका टेबलावर मोहित्यांच्या हातच्या सहा सुऱ्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी केलेली वस्तू चार परकी माणसं हातात घेऊन बघणार होती.

आता मोहिते म्हणजे बंगळूरचे जुने मराठे. कधी आलात असं विचारलं, की उत्तर तयार: शहाजीराजांच्या फौजेबरोबर. इथलं प्रत्येक मराठा घर हेच सांगतं. सगळ्यांचं खरं धरलं तर त्या फौजेत नुसते सरदारच होते आणि घोड्यांना दाणापाणी करायला कुणीच नव्हतं असं म्हणावं लागेल. पण फौजेतून आलेल्या या घरात तलवार औषधालाही उरली नव्हती. खंडेनवमीला शस्त्रं पुजायची, तर पाटावर काय? विळी, शिवणाचं मशीन, स्कूटर दारात म्हणून तिची किल्ली, आणि रघुनंदनरावांची ड्रॉइंगची पेटी.

ते एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. वीस-बावीस वर्षं दुसऱ्यांच्या यंत्रांच्या रेषा मारल्या. यंत्र खाली शेडमध्ये तयार व्हायचं, त्यावर नाव कारखान्याचं, आणि यांच्या वाट्याला पेन्सिलीचा भुसा. म्हणून चार वर्षांपूर्वी राजाजीनगरच्या घरामागे पत्र्याची शेड टाकून त्यांनी भंगारातला लॉरीच्या स्प्रिंगचा पाटा आणला, आणि त्याच्या पोलादाची सुरी करायला घेतली. पहिल्या सुरीनं लोणीसुद्धा कापलं नसतं. मग दुसरी, तिसरी. पोलाद लालबुंद करून तेलात बुडवायचं, त्याला पाणी द्यायचं, म्हणजे कणखर करायचं, मग तासन् तास घासायचं. शिसवी मूठ, तिला पितळी खिळे. हळूहळू हात बसला.

घरातल्यांनी या उद्योगाला कधी भाव दिला नाही. थोरली बहीण भागुबाई, सगळ्यांची अक्का, आनेकलला दिलेली. नवरा गेल्यावर ती भावाकडे राहायला आली, आणि स्वयंपाकघर आणि देवघर ही दोन्ही खाती तिनं आपल्याकडे घेतली. कुणी विचारलं, रघू कुठंय, तर तिचं उत्तर ठरलेलं, "मागे लोखंड खरवडतोय." रघुनंदनराव हसायचे. पण ते त्यांना लागायचं, हे खरं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाला वाटायला लागलं होतं, की आपण गेलो तर मागे राहणार काय? लोखंड खरवडणारा एक माणूस होता, एवढंच. एकदा, फक्त एकदा, कुणीतरी जाणत्यानं सुरी उचलून म्हणावं, ही मोहित्यांची, झक्कास आहे. बस्स. त्यापुढं त्यांना काही नको होतं.

जाणता म्हणजे चंद्रकांत गोखले. पुण्याचा, पस्तिशीतला, दोन वर्षांपूर्वी व्हाइटफील्डकडच्या एका कंप्युटर कंपनीत आलेला. परदेशी मासिकं मागवून सुऱ्यांविषयी वाचायचा, आणि प्रदर्शनही त्यानंच भरवलं होतं. महिन्याभरापूर्वी त्यानं मोहित्यांची एक सुरी उजेडात फिरवून पाहिली आणि म्हणाला, "रघुनंदनराव, शेप सुपर्ब. पण फिनिश नाहीये हो. आरसा पाहिजे, आरसा. आपला चेहरा दिसला पाहिजे त्यात. नाहीतर लोक म्हणणार, खेड्यातल्या लोहाराकडून आणली."

झालं. त्या दिवसापासून मोहित्यांनी आरसा धरला. बारीक, त्याहून बारीक, मग त्याहून बारीक पॉलिश कागद. बोटांची कातडी गेली, पण गुरुवारी संध्याकाळी सहाच्या सहा सुऱ्यांत त्यांना आपल्या मिशा दिसल्या. त्यांनी एकेका पात्याला तेलाचा हात दिला, फडक्यात गुंडाळून शेडमधल्या फळीवर ठेवल्या, आणि त्या रात्री म्हणे ते झोपेतही हसले. वसुमतीनं पाहिलं.

शुक्रवारी खंडेनवमी. कारखान्यातही आयुधपूजा, तिला हजर राहणं भाग होतं. यंत्रांना केळीचे खांब, साहेबांच्या हस्ते आरती, फाटकाबाहेर कुंकू भरलेला कोहळा आपटून फोडणं, आणि प्रत्येकाच्या हातात कडलेपुरीचा, म्हणजे चणे-कुरमुऱ्यांचा, पुडा. तो पुडा घेऊन दुपारी रघुनंदनराव घरी आले, तर दारात शेजारपाजारच्या चार बायका, आणि अक्का त्यांना देवघराकडे नेत म्हणत होती, "या, या, बघा तरी. आमच्या रघूनं शस्त्रं केलीत. किती पिढ्यांनी आमच्या घरात खरी शस्त्रं पुजलीत बघा!"

रघुनंदनरावांच्या हातातला पुडा तिरका झाला आणि कुरमुरे जमिनीवर सांडले.

पाटावर लाल कापड, त्यावर सहा सुऱ्या ओळीनं. प्रत्येकीवर ओल्या हळदी-कुंकवाचे पट्टे, आणि प्रत्येकीच्या टोकावर अर्धं लिंबू खोचलेलं. लिंबाचा रस पात्यावरून खाली ओघळत होता. पण खरा घाव तो नव्हता. पात्यांवर तेल नव्हतं. पाती कोरडी, आणि चमक जाऊन करडी दिसत होती, जागोजागी काळपट ढग आल्यासारखी.

"अक्का, यांना काय लावलंस?" त्यांनी विचारलं.

"काय लावायचं? सकाळी उठून स्वच्छ घासल्या. देवापुढं तेलकट वस्तू ठेवतात का रे? चिंच आणि राख. समया घासते तशा." अक्काचा चेहरा समईसारखाच उजळला होता. "स्वल्प काळ्या पडल्या खऱ्या, पण उद्या परत चिंच लावते की. काय?"

ज्याला पोलादातलं कळतं त्यानं इथंच डोक्याला हात लावावा. पितळ चिंचेनं लखलखतं, म्हणून अक्कानं चाळीस वर्षं घरातली भांडी चिंचेनं घासली. पण लॉरीच्या पाट्याचं पोलाद म्हणजे पितळ नव्हे. आंबट लागलं की ते काळवंडतं, आणि जितका वेळ लागून राहील तितकं आत खातं. वर लिंबू. एका महिन्याचा आरसा एका सकाळीत पुसला गेला होता.

आणि पूजेत मांडलेली शस्त्रं दसऱ्याच्या संध्याकाळच्या उत्तरपूजेपर्यंत हलवायची नाहीत. हा नियम मोडायची टाप मोहित्यांच्या घरात कुणाची नव्हती. शेजारणी "अय्यो, एष्टु चन्नागिदे!" म्हणत सुऱ्यांना हात जोडत होत्या. किती छान आहेत! अक्का अभिमानानं फुगली होती. चार वर्षं जी लोखंड खरवडणं म्हणत होती, ती आज सगळ्या गल्लीला सांगत होती की माझ्या भावानं केलं. आणि रघुनंदनरावांना मात्र दिसत होता तो फक्त लिंबाचा रस, पात्यावरून सावकाश खाली येणारा.

बोलावं तर बहिणीचा हिरमोड. न बोलावं तर सुऱ्यांचं वाटोळं. ते घरभर फिरत राहिले. देवघरात डोकावायचे, बाहेर यायचे, अंगणात जायचे, पुन्हा डोकावायचे. संध्याकाळपर्यंत त्यांनी इतके नमस्कार केले की अक्काला वाटलं, भाऊ एकदम देवभोळा झाला.

रात्री वसुमती म्हणाली, "अहो, सांगा की त्यांना सरळ. खाणार आहेत का त्या तुम्हाला?"

"उद्या संध्याकाळी मिळतील ना. रात्रभर घासीन."

"आणि तोवर?"

तोवर त्यांना झोप लागली नाही.

शनिवारी, दसऱ्याला, जेवणं झाली. सोनं म्हणून बन्नीची पानं द्यायला अक्का शेजारी गेली. रघुनंदनरावांनी अंगणातून एक फेरी मारली, मग दुसरी, आणि तिसऱ्या फेरीत थेट देवघरात शिरून एक सुरी उचलली. लिंबू उपसून फेकलं. कुंकू धोतराला पुसलं. शेडमध्ये गेले तर ग्राइंडरलाही झेंडूची माळ आणि कुंकवाचा टिळा. तोही पूजेत! माळ ओढून काढली, बटण दाबलं, आणि मोटारीचा घर्र आवाज गल्लीत गेला.

त्या आवाजाला गल्ली ओळखायची. पाच मिनिटांत अक्का शेडच्या दारात उभी होती, हातात उरलेली बन्नीची पानं, आणि तिची नजर जमिनीवर पडलेल्या माळेवर.

"रघू? उत्तरपूजा नाही झाली रे."

आणि इतका वेळ दाबून धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "झालं तेवढं पुरे नाही का? चिंचेनं घासायला त्या काय समया आहेत? चार वर्षं, अक्का! चार वर्षं मी मरमर केली, आणि तू एका सकाळीत वाटोळं केलंस. विचारायचं तरी एकदा! पण नाही. तुला गल्लीला दाखवायचं होतं."

अक्काची एक सवय होती, कुणी ओरडलं की पदर सारखा करायची. ती पदर सारखा करायला गेली आणि डावा हात पदराखालून बाहेर आला. अंगठ्याला चिंधी बांधलेली, जाड, रक्त वाळून काळी झालेली.

"हे काय?"

"काही नाही." तिनं हात परत झाकला. "काल घासताना लागलं. बोलले नाही. सणासुदीला घरात रक्त सांडलं म्हणून वसुमती घाबरली असती." मग आपलंच काही चुकल्यासारखं, ती म्हणाली, "पातं लागलं तेव्हा कळलंसुद्धा नाही बघ. मग रक्त दिसलं. इतकी धार! म्हटलं, आमच्या रघूच्या हातात विद्या आहे. म्हणून बोलावलं रे सगळ्यांना."

रघुनंदनरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ग्राइंडर फिरतच होतं. अक्का देवघरात गेली, तिनं घाईघाईत अक्षता टाकल्या, नमस्कार केला, आणि उरलेल्या पाच सुऱ्या सुपात घालून शेडच्या उंबऱ्यावर आणून ठेवल्या. "घे. देव नाही रागवायचा." एवढं म्हणून ती आत गेली आणि रात्री जेवायलाही बाहेर आली नाही.

शहाण्या माणसानं तेव्हा मशीन बंद करून बहिणीपाशी जाऊन बसायचं. रघुनंदनराव शहाणे होते, पण त्या रात्री नव्हते. त्यांनी मनाशी म्हटलं, आधी सुऱ्या, मग अक्का. कागदानं घासत बसलं तर दिवाळी उजाडेल, म्हणून ग्राइंडरवर कापडी चाक चढवलं आणि पाती त्याच्यावर धरली. डाग निघायला लागले. जोर लावला की लवकर निघत होते, म्हणून आणखी जोर. पातं हाताला चटका द्यायला लागलं, तर फडक्यानं धरलं. एकदा त्यांना धारेच्या कडेला निळसर झाक दिसली.

त्या निळ्या रंगाचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता असं नाही. पोलाद फार तापलं की ते निळं पडतं, आणि निळं पडलं की दिलेलं पाणी उतरतं, धार मऊ पडते. चार वर्षांत हे ते पहिलं शिकले होते. पण माणसाला बघायचं नसलं की दिसत नाही. त्यांनी ती झाक पुसली, तिच्यावरून पुन्हा चाक फिरवलं, आणि खाली आरसा आला. मग दगडावर धार लावली, ती फार पटकन लागली. त्यांनी तो शुभशकुन धरला.

पाच सुऱ्या पहाटेपर्यंत झाल्या. सहावी, स्वयंपाकघरात वापरायच्या बेताची छोटी, अगदीच काळी पडली होती, टोकापाशी खड्डे. ही काही सुधारत नाही, असं म्हणून त्यांनी ती कोपऱ्यात टाकली. सकाळी अक्का देवघरात होती. तिच्या पाठीकडे बघत ते म्हणाले, "येतो ग." तिनं घंटा वाजवली, म्हणजे ऐकलं असावं.

हॉलमध्ये ही गर्दी. खिडकीतून येणारा उन्हाचा पट्टा नेमका मोहित्यांच्या टेबलावर पडला होता, आणि पाच पाती अशी चमकत होती की लांबून लोक वळत होते. चंद्रकांत आला, एक सुरी उचलली, तिच्यात स्वतःचे केस नीट केले आणि ओरडला, "अरे काय फिनिश आहे! परफेक्ट! रघुनंदनराव, कमाल केलीत. लोकहो, इकडे या, ही मोहित्यांची सुरी, झक्कास!"

शब्द जवळपास तेच. रघुनंदनरावांनी ते ऐकले आणि त्यांना वाटलं, आता बरं वाटेल. वाटेना. ते या पायावरून त्या पायावर होत राहिले. सुऱ्यांच्या जागा बदलल्या, पुन्हा होत्या तशा केल्या. सारखा त्यांना तो पदराखाली जाणारा हात दिसत होता.

दुपारी चंद्रकांतनं सगळ्यांना गोळा केलं. एका लाकडी ठोकळ्यावर काथ्याचा जाड दोर बांधलेला होता. "नुसतं बघायचं नाही, आता कापून दाखवायचं. चला, रघुनंदनराव, बोहनी तुमची."

त्यांनी सगळ्यात मोठी सुरी घेतली. पहिल्या ओढीला दोराचे चार धागे तुटले. दुसऱ्या ओढीला पातं घसरलं. तिसऱ्या ओढीला ते दोरावरून नुसतं फिरलं, कुणी बोट फिरवावं तसं. त्यांनी सुरी डोळ्यांजवळ आणली. धार दुमडली होती. दुसरी घेतली, तीही तशीच. पाच सुऱ्या, पाच आरसे, आणि एकीलाही दोर तुटेना. कुणीतरी मागे हसलं. कुणीतरी म्हणालं, "शोपीस आहेत बहुतेक."

चंद्रकांत खालच्या आवाजात म्हणाला, "अहो, टेंपर गेलंय, पाणी उतरलंय. असू दे. एक काम करा, घरी एखादी आहे का चांगली? चारपर्यंत वेळ आहे. एक आणा, एकच. दोर तुटला की तोंडं बंद होतील. मी टेबल राखतो."

एक होती. कोपऱ्यात टाकलेली काळी. तिला चाक लागलं नव्हतं, तिचं पाणी शाबूत होतं. रघुनंदनरावांनी स्कूटर काढली आणि जयनगरहून राजाजीनगरपर्यंत एका सिग्नललाही धीर धरला नाही. घामाघूम होऊन शेडमध्ये शिरले. कोपरा रिकामा. फळी पाहिली, पेटी पाहिली, कचऱ्याची बादली उपडी केली. सुरी नव्हती.

स्वयंपाकघरातून आवाज येत होता. खच्, खच्, खच्.

अक्का पाटावर बसली होती. पुढ्यात लाल भोपळा, असला टणक की विळीवर दोन हातांनी दाबावा लागतो. तिच्या हातात ती काळी सुरी होती, आणि भोपळ्याच्या फोडी मेणाच्या असाव्यात तशा पडत होत्या. चिंधी बांधलेला अंगठा ती जरा वर उचलून धरत होती. विळी भिंतीला टेकवून बाजूला ठेवलेली.

भाऊ दारात दिसताच ती दचकली. "ही तू टाकून दिली होतीस, म्हणून घेतली. म्हटलं, प्रदर्शनाला नको तर घरात चालेल." आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून घाईघाईनं सुरी पदराला पुसायला लागली. "पाहिजे का? घे, घेऊन जा. धुऊन देते, थांब."

तिनं मूठ त्याच्याकडे करून सुरी पुढे धरली.

रघुनंदनरावांचा हात अर्धा पुढे गेला. चार वाजायला अजून अवकाश होता. दोर तुटला असता, तोंडं बंद झाली असती, टेबलावर मोहित्यांचं नाव ताठ उभं राहिलं असतं. त्यांनी हात मागे घेतला.

"नको."

"मग आलास कशाला?"

"तुझी माफी मागायला," ते म्हणाले. खरं तर ते त्यासाठी आले नव्हते. पण बोलले तेव्हा ते खरं झालं. "मी काल वाटेल ते बोललो, अक्का. वाटोळं तू नाही केलंस. त्या पाचांचं मी केलं, रात्री. दिसतात छान. कापत नाहीत."

अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं चिंधीच्या अंगठ्यानंच पुसलं. मग तिनं पायानं दुसरा पाट त्याच्याकडे सरकवला आणि पुन्हा भोपळ्याला लागली. खच्, खच्. आपण केलेल्या सुरीनं कुणी भाजी कापताना रघुनंदनरावांनी चार वर्षांत पाहिलं नव्हतं. कागद कापून पाहिला होता, हातावरचे केस कापून पाहिले होते. ते बघत राहिले.

"एक सांगू?" अक्का म्हणाली. "रागावणार नाहीस ना?"

"सांग."

"मूठ स्वल्प जाड झालीय. बायकांच्या हाताला."

"कुठं? बघू." ते पाटावरून उठलेच. "इथं ना? कमी करतो. आत्ता करतो, आण."

"आत्ता नको," अक्का सुरी मागे ओढत म्हणाली. "माझा भोपळा होऊ दे आधी."